थोरलीचा टाक

आत्याच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली, काळ्या पोतीतच ओवलेला, चांदीचा एक टाक असे. बोटाच्या पेराएवढा. त्यावर ठोकून उठवलेली एका बाईची आकृती होती. नाकडोळे घासून गेले होते, पण दोन्ही हात अंगाशी धरून ती उभी आहे एवढे कळत असे. आत्या मला निजवायला वाकली की तो टाक पोलक्यातून बाहेर येऊन माझ्या कपाळाला लागे आणि त्याला तिच्या अंगाची ऊब असे. हा कोणता देव, असे मी सहा-सात वर्षांची असताना तिला विचारले होते. ती म्हणाली, “देव नोहे बाई, थोरली हाये.”

थोरली म्हणजे मामाजींची, आत्याच्या नवऱ्याची, पहिली बायको. ती बाळंतपणात गेली आणि मूलही राहिले नाही. बिजवराशी लग्न लागलेल्या मुलीने मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालावा, म्हणजे तिचा जीव शांत राहतो आणि नव्या संसाराला तिचा त्रास होत नाही, अशी समजूत आमच्याकडे होती आणि महाराष्ट्रात इतरत्रही ती होतीच. १९६८ साली दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून दिग्रसच्या बाजूच्या एका खेड्यात आत्याला दिली, तेव्हा ती १६ वर्षांची होती आणि मामाजी ३६ वर्षांचे. मुलीच्या लग्नाचे किमान वय कायद्याने त्या वेळी १५ होते; १८ झाले ते १९७८ साली. म्हणजे कायद्याला, गावाला, माझ्या आजोबांना, कोणालाच त्यात खटकण्यासारखे काही नव्हते. खटकले असेल तर ते त्या मुलीला, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

आत्याचे हे लग्न मला ‘जेन आयर’ वाचताना दर वेळी आठवते. या पावसाळ्यात ती कादंबरी मी तिसऱ्यांदा वाचून संपवली आणि या वेळी ठरवले की या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींना कशा चिकटल्या आहेत ते एकदा नीट लिहून काढावे.

शार्लट ब्रॉन्टीची ही कादंबरी १८४७ सालच्या ऑक्टोबरात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यावर लेखिकेचे खरे नाव नव्हते. करर बेल असे, बाईचे की बुवाचे हे कळू नये असे टोपणनाव होते. अनाथ, दिसायला साधी, १८ वर्षांची जेन थॉर्नफील्ड नावाच्या एका मोठ्या वाड्यात एका लहान मुलीला शिकवायला येते. पगार वर्षाला ३० पौंड आणि राहणे-जेवणे तिथेच. वाड्याचा मालक रॉचेस्टर तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, फटकळ, फिरलेला, मनात काहीतरी दडवून वावरणारा. दोघांचे एकमेकांवर मन बसते. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये एक वकील उभा राहून सांगतो की या गृहस्थाची पहिली बायको जिवंत आहे, आणि ती याच वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली आहे.

मी ती पहिल्यांदा वाचली १९९४च्या हिवाळ्यात. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि रोज सकाळच्या एस. टी.ने तालुक्याला जात असे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली ती प्रत इतकी जुनी होती की पान उलटताना कोपरा हातात येई. माझे इंग्रजी बेताचे, त्यामुळे शब्दकोश कायम मांडीवर. घरी कापसाचे वेचे चालू होते, अर्धी वसरी कापसाने भरलेली होती, आणि मी त्या ढिगाला पाठ टेकून, अंगाला चिकटणारा कापूस झटकत, दिवसाला चार-पाच पाने पुढे सरकत होते.

त्याच हिवाळ्यात मला एक स्थळ आले. वय ३९, शाळेत शिक्षक, बायको जाऊन वर्ष झालेले. सगळे त्यांना सर म्हणत. माझे वडील त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे होते, तेही त्यांना सरच म्हणत. हुंडा नको आणि मुलीचे शिक्षण अर्धवट राहू देणार नाही, असे त्यांनी आधीच कळवले होते, आणि तीन मुलींच्या बापाला यापेक्षा जास्त काय हवे असते? पाहण्याच्या कार्यक्रमाला आत्या मुद्दाम आली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मग सरांनी मला विचारले, “सध्या काय वाचता तुम्ही?”

त्या “तुम्ही”ने मी विरघळले, हे मला आजही स्पष्ट आठवते. एकोणीस वर्षांच्या मुलीला आमच्या गावात कोणी तुम्ही म्हणत नाही. मी पुस्तकाचे नाव सांगितले. त्यांना ते माहीत होते. “पूर्ण झालं की मला गोष्ट सांगा,” असे ते म्हणाले. निघताना त्यांनी पिशवीतून एक डबी काढून वडिलांच्या हातात दिली. आत मनगटी घड्याळ होते, काळ्या पट्ट्याचे, सोनेरी तबकडीचे. काहीच ठरलेले नसताना घ्यावे की नाही हे वडिलांना कळेना, आणि परत करणे म्हणजे सरांचा अपमान, म्हणून ते घेतले गेले. मी ते घातले. आठ दिवसांनी सर पुन्हा आले तेव्हा ओसरीवरूनच म्हणाले, “घड्याळ बसलं का तुला?”

त्या दोन भेटींच्या मध्ये काय घडले होते? मी तीच होते, ते तेच होते. मध्ये फक्त एक वस्तू त्यांच्या हातातून माझ्या मनगटावर आली होती आणि तेवढ्याने तुम्हीचे तू झाले होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. आपल्याकडे होणाऱ्या बायकोला तू म्हणतात, तसे ते म्हणाले. पण त्या रात्री मी पुस्तक उघडले तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की इंग्रजीत या दोन्हींना शब्द एकच आहे, आणि जेन-रॉचेस्टरचे प्रत्येक वाक्य मराठीत मनाशी म्हणताना आपल्यालाच ठरवावे लागते की हा माणूस हिला कोणत्या पानापासून तू म्हणू लागला. मी ती जागा रॉचेस्टरच्या बिछान्याला आग लागते त्या रात्रीची धरली होती. जेन पाणी ओतून त्याचा जीव वाचवते आणि तो तिचा हात हातात धरून ठेवतो. तिच्या बाजूने मात्र असे काही ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. ती त्याला सर म्हणते ते शेवटपर्यंत. तिच्याकडे स्वतःचा पैसा आलेला असतो, तो आंधळा झालेला असतो, मी कुरूप दिसतो का असे तो तिला विचारतो, आणि ती उत्तर देते की फार, सर, आणि ते तुम्ही पहिल्यापासून होताच. त्या उत्तरात केवढे धाडस आहे आणि केवढा जिव्हाळा, तरी “सर” तिच्या जिभेवरून हलत नाही.

ब्रॉन्टीला हा शब्द आतून माहीत होता. ती स्वतः इतरांच्या घरी शिक्षिका म्हणून राहिली होती, आणि पुढे १८४२ ते १८४४ या काळात ब्रसेल्सच्या एका शाळेत शिकायला आणि मग शिकवायला गेली, तेव्हा तिथले शिक्षक काँस्तांताँ एजे यांच्यावर तिचे मन जडले होते. ते तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे होते, विवाहित होते. इंग्लंडला परतल्यावर तिने त्यांना फ्रेंचमध्ये पत्रे लिहिली आणि त्यांतही संबोधन “मस्यू” हेच, म्हणजे पुन्हा सरच. एजे यांनी त्यांतली काही फाडून टाकली आणि त्यांच्या पत्नीने तुकडे गोळा करून ती जोडून ठेवली. उरलेली चार पत्रे १९१३ साली त्यांच्या मुलांनी ब्रिटिश म्युझियमला दिली. दुसऱ्या एका बाईने आपल्या नवऱ्याला लिहिलेली पत्रे सुईदोऱ्याने शिवत बसलेली ती बायको माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती काय विचार करीत असेल?

कादंबरीतल्या वयाच्या अंतराबद्दल सगळेच बोलतात, आणि स्वतः रॉचेस्टरही ते लपवत नाही. ओळख होऊन फार दिवस झालेले नसताना, शेकोटीपुढे बसून तो जेनला सांगतो की मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे, अर्धे जग हिंडून आलो आहे, तेव्हा जराशी हुकमत चालवली तर चालेल ना? जेनचे उत्तर मी तेव्हा वहीत उतरवून घेतले होते. ती म्हणते की केवळ वयाने मोठे असल्याने किंवा जग जास्त पाहिल्याने हुकूम करण्याचा हक्क मिळत नाही. त्या वर्षांचा आणि त्या अनुभवाचा तुम्ही काय उपयोग केला यावर तो ठरतो. आणि पाठोपाठ तिच्या मनात येते की हुकूम ऐकण्यासाठीच तर आपल्याला वर्षाला ३० पौंड मिळतात, हे हा माणूस विसरलेला दिसतो. आमच्याकडे थोरांच्या पाया पडताना त्यांनी आपल्या वर्षांचे काय केले हे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. ते वाक्य वाचल्यावर काही दिवस मी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे निराळ्या नजरेने बघत होते.

आज मात्र मला वाटते की वयाच्या वीस वर्षांपेक्षा त्या वाड्यातली एक किल्ली जास्त जड आहे. रॉचेस्टरला सगळे माहीत आहे आणि जेनला काहीच माहीत नाही. रात्री वरच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज येतो, तो नोकराणीचा आहे असे तिला सांगितले जाते. तिच्या मनात काय आहे हे काढून घेण्यासाठी तो म्हाताऱ्या भविष्यवालीचे सोंग घेऊन तिच्यासमोर बसतो, आणि तिला मत्सर वाटावा म्हणून एका श्रीमंत मुलीशी लग्नाचे नाटक कित्येक आठवडे चालवतो. तरुण वयात मला यात गंमत वाटली होती. आता ती पाने वाचताना राग येतो, कारण ज्याच्या हातात आधीच सगळे आहे त्याने समोरच्या मुलीचे मनही तिच्या नकळत उघडून पाहावे, हे मला सहन होत नाही.

तरीही लेखिकेने रॉचेस्टरला राक्षस केलेले नाही, आणि मला ही कादंबरी मोठी वाटते ती त्यामुळे. तो स्वतःही एका व्यवहारात दिला गेलेला आहे. इस्टेट थोरल्या मुलाकडे जाणार, म्हणून बापाने धाकट्याला जमैकात पाठवून ३० हजार पौंड हुंडा आणणाऱ्या बर्थाशी त्याचे लग्न लावले. बर्थाच्या घरच्यांनी तिच्या कुळातल्या वेडाची गोष्ट लपवली, तिचे वयसुद्धा कमी करून सांगितले. विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला यातले एकही अक्षर समजावून सांगावे लागत नाही. जेनचा पगार ३० पौंड आणि बर्थाचा हुंडा ३० हजार, म्हणजे जेनने एक हजार वर्षे शिकवले असते तेव्हा ती त्या हुंड्याच्या बरोबरीला आली असती. आणि ज्याला लपवाछपवी करून फसवले गेले, तोच पुढे जेनला तशीच लपवाछपवी करून लग्नाला उभी करतो.

कापडाच्या दुकानाचा प्रसंग मला पहिल्या वाचनात समजला नव्हता. घड्याळ मनगटावर असतानाही समजला नव्हता. लग्न ठरल्यावर रॉचेस्टर जेनला बग्गीतून गावात नेतो आणि जांभळे रेशीम आणि गुलाबी सॅटिन तिच्यासाठी पसंत करतो. ती विनवण्या करून त्याला साध्या काळ्या आणि राखाडी कापडावर आणते. परतताना तिला वाटत राहते की तो जितके जास्त घेऊन देतो तितके आपले तोंड लाजेने जळते आहे, आणि ती त्याला बजावते की लग्नानंतरही मी शिकवणे सोडणार नाही, माझे ३० पौंड मी मिळवीन. त्याच बग्गीत तिला आपल्या मदीरा बेटावरच्या काकाची आठवण होते. आपले म्हणून थोडेसे जरी काही असते तर हे सगळे घेणे इतके जड गेले नसते, या विचाराने ती काकाला पत्र लिहायचे ठरवते आणि लिहिते. पुढे उघड होते ते या पत्रामुळेच. पत्र पोचते तेव्हा बर्थाचा भाऊ योगायोगाने त्या काकाकडे उतरलेला असतो, त्याला रॉचेस्टरच्या लग्नाची बातमी कळते आणि तो ते थांबवायला येऊन पोचतो. स्वतःच्या पैशाची इच्छा एका मुलीच्या मनात उगवली आणि तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडले. इतकी घट्ट वीण असलेल्या कादंबऱ्या मी फार वाचलेल्या नाहीत.

आत्याकडे दुकानाचा असा प्रसंग कधी आलाच नाही, कारण ती दुकानात कधी गेली नाही. तिची लुगडी, पुढे पातळे, चोळीचे खण, बांगड्या, सगळे मामाजी दिग्रसच्या बाजारातून आणत. आणत ते प्रेमाने, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही. ती तापाने फणफणली तेव्हा रात्री बंडी जुंपून तिला दवाखान्यात नेणारे तेच होते. पण कापसाच्या विक्रीची पट्टी त्यांच्या नावाने येई, पैसे कपाटात जात आणि कपाटाची चाबी त्यांच्या करगोट्याला असे. छत्तीस-सदतीस वर्षांच्या संसारात त्या कपाटात काय आहे हे आत्याला ठाऊक नव्हते. एकदा मी तिला विचारले की तुला कधी काही मागावेसे वाटले नाही का? ती वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, “मले जांभया रंग लय आवडे. त्याईनं कधी इचारलं नाही, मी कधी सांगतलं नाही.”

आमच्या भाषेत अशा लग्नांसाठी दोनच शब्द आहेत. एक तर “चांगलं स्थळ मिळालं,” नाही तर “पोरीचा बळी दिला.” देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ साली जरठ-कुमारी विवाहावर कोरडा ओढला तो दुसऱ्या शब्दाच्या बाजूने, आणि त्या काळी तो ओढणे फार आवश्यक होते. पण आत्याला मी बळी म्हणू शकत नाही. ती मामाजींसाठी रात्री जागी राहत असे, त्यांना यायला उशीर झाला की सांदवाडीच्या दारापर्यंत चार वेळा जाऊन येत असे. आणि चांगले स्थळही म्हणवत नाही, कारण ते घरात आले की तिचा आवाज खाली जाई. माया आणि धाक एकाच ताटात वाढलेले असतात, आणि जेवणाराला ते वेगळे करून खाता येत नाहीत. ‘जेन आयर’ने मला यासाठी शब्द दिला नाही, पण चारशेहून अधिक पाने दिली.

१९९४ साली मी आत्याला ही गोष्ट सांगितली ती लग्न मोडण्याच्या प्रसंगापर्यंतच, कारण माझे वाचन तिथवरच आले होते. रात्रीची जेवणे झाली होती, आम्ही दोघी चुलीपुढे बसलो होतो, पऱ्हाटीची धग उतरत होती. मी रंगवून सांगत होते. जेनचे काय होणार, या उत्सुकतेने ती अस्वस्थ होईल असे मला वाटत होते. वरच्या खोलीत कोंडलेल्या बायकोपाशी मी आले तेव्हा आत्याने मला थांबवले.

“तिले जेवाले कोन देत होतं?”

मी सांगितले की एक बाई ठेवली होती, ग्रेस पूल नावाची.

“अन् इतकी वर्षं ती तठीच? खालते कधी आनली नाही?”

नाही म्हणाले. आत्याने टाक मुठीत धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, “नाव काय तिचं?” मी बर्था म्हणाले. तिने ते नाव दोनदा उच्चारून पाहिले. जेनबद्दल तिने त्या रात्री एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळले की डोमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिस या लेखिकेने १९६६ साली बर्थाच्या बाजूने एक संपूर्ण कादंबरी लिहिली, आणि तेव्हापासून ‘जेन आयर’ पूर्वीसारखी वाचणे पुष्कळांना अवघड झाले. मला त्याचे नवल वाटले नाही. दिग्रसकडच्या एका स्वयंपाकघरात तो प्रश्न मी आधीच ऐकला होता.

माझ्या स्थळाचे काय झाले ते थोडक्यात सांगते. मी नकार दिला नाही. नकार द्यावा की होकार, याचा विचार करण्यातच माझे पंधरा दिवस गेले, कारण सर मला आवडू लागले होते आणि त्यांच्यासमोर माझे मन आखडूनही जात होते. तेवढ्यात त्यांच्याकडून निरोप आला की दुसरीकडे ठरले आहे. वडील घड्याळ परत करायला गेले. पट्ट्याचे तिसरे छिद्र माझ्या मनगटाने जरा रुंदावले होते, ते मी डबीत ठेवताना पाहिले. मला सुटल्यासारखे वाटले आणि त्याच रात्री मी रडलेही, आणि या दोन्हींचा मेळ मला कित्येक वर्षे घालता आला नाही. माझे लग्न पुढे माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या माणसाशी झाले.

जेन मात्र स्वतः निघून जाते. आपण फ्रान्समध्ये राहू, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, असे रॉचेस्टर तिला विनवतो, आणि तिचे प्रेम तसूभरही कमी झालेले नसताना ती पहाटे वाड्याबाहेर पडते. जवळ २० शिलिंग. त्याने आग्रहाने दिलेला मोत्यांचा सर खणात हाताला लागतो, तो ती तिथेच ठेवते, कारण तो तिचा नाही. पुढे उपासमार, मग नात्यातल्या माणसांचा आसरा. तिथे सेंट जॉन नावाचा तरुण पाद्री तिला मागणी घालतो. त्याचे वय तिशीच्या आतबाहेर, रूप देखणे, चारित्र्य निष्कलंक, आणि त्याच्यासमोर ती रॉचेस्टरसमोर कधी झाली नव्हती तितकी भिजलेल्या मांजरासारखी होते. वयाचे अंतर मिटवून लेखिकेने धाक मात्र वाढवून दाखवला आहे, आणि ज्यांना ही कादंबरी केवळ वयाच्या अंतराची वाटते त्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे असे मला मनापासून वाटते. काकाचे २० हजार पौंड मिळाल्यावर ती त्यांचे चार वाटे करते, स्वतःला ५ हजार ठेवते, आणि मग आपल्या इच्छेने रॉचेस्टरकडे परत जाते. तोवर बर्थाने लावलेल्या आगीत वाडा जळालेला असतो, बर्था छपरावरून उडी टाकून मेलेली असते, आणि तिला वाचवायला गेलेल्या रॉचेस्टरचे डोळे आणि एक हात गेलेला असतो.

या शेवटाशी मी पुष्कळ वर्षे भांडत होते. बाईला बरोबरीने उभे राहता यावे म्हणून पुरुष आंधळाच का व्हायला हवा, असे मला वाटे. आता वाटते की त्या दोघांना बरोबरीला आणले ते जळालेल्या वाड्याने, कारण त्यात आता एकही बंद खोली उरली नाही, आणि जेनच्या ५ हजारांनी, कारण ती आता जाऊही शकते. बर्थाच्या मरणावर मात्र कादंबरी पुरेशी थांबत नाही. त्या बाईसाठी कोणी डोळ्यांतून टिपूस काढत नाही, आणि हे मला आजही खुपते.

मामाजी २००५ साली गेले. त्या वर्षी पितृपक्षात मी आत्याकडे गेले होते. भाद्रपद वद्य नवमी ही अहेव नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्ण बाईचे पान त्या दिवशी वाढतात. आत्या सदतीस वर्षे थोरलीचे पान वाढत आली होती. आता मामाजीच नसल्यामुळे ते पान बंद करायचे असते, असे भटजींनी तिला सांगितले होते. तिने ऐकून घेतले होते.

नवमीच्या आदल्या रात्री तिने मला विचारले, “ते गोस्ट पुरी झाली का तुही?” अकरा वर्षांनी विचारले. मी तिला उरलेले सगळे सांगितले: पळून जाणे, काकाचे पैसे, आग, आंधळा रॉचेस्टर. मोठ्या दुकानातल्या कापडाचेही सांगितले, तेव्हा ती मध्येच म्हणाली, “जांभयं काहून सोडलं तिनं?” त्याने तिला न विचारता ते निवडले होते, असे मी म्हणाले. ती थोडा वेळ गप्प राहिली. शेवटी मी मोत्यांच्या सरापाशी आले. जेन जो मागे ठेवून गेली तो सर, ती गेल्या दिवसापासून, रॉचेस्टर स्वतःच्या गळ्यात घालून असतो, गळपट्ट्याच्या आत, कोणाला दिसू नये असा. पुस्तकाच्या अखेरीस तो स्वतःच तिला हे सांगतो.

आत्याचे मंगळसूत्र उतरले होते. टाक नुसत्या काळ्या दोऱ्यात होता.

“म्हंजे त्यानंबी टाक घातला,” ती म्हणाली. मग उठून तिने दुसऱ्या दिवशीच्या वड्यांसाठी उडदाची डाळ भिजत घातली.

सकाळी तिने देव्हाऱ्यासमोर पाट मांडून पान वाढले: भात, कढी, वडे, तांदळाची खीर. टाक गळ्यातून काढून पानाशेजारी ठेवला. मला सवाष्ण म्हणून बसवले आणि ओटी भरताना माझ्या हातात एक पातळ दिले. जांभळे होते. दुकानाची कागदी पिशवी अजून कोपऱ्यात होती. दोन दिवसांपूर्वी ती एकटीच एस. टी.त बसून दिग्रसला जाऊन आली होती.

“थोरलीले कोनता रंग आवडे ते मले ठाव नाही,” ती म्हणाली. “कोनी कधी सांगतलंच नाही. म्हनून माया आवडीचा आनला.”